रात्रीचा घाट नको

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

काल "तुम्हीच हातपाय गाळलेत, अण्णा" म्हणालीस आणि फोन ठेवलास. फोनवर बोलायला मला दम पुरत नाही, म्हणून लिहितोय.

किमो नको असं मी म्हटलेलं नाही. डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं. या फुप्फुसाच्या कॅन्सरला सिस्प्लॅटिन देतात, पण किडनी सांभाळायला त्याबरोबर सलाइनच्या बाटल्या चढवाव्या लागतात. माझं हृदय अटॅकनंतर जेमतेम ३० टक्के पंप करतं, त्याला एवढं पाणी झेपायचं नाही. किडनी किती थकली ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन आधीच २.८, म्हणजे बरंच वाढलेलं. दुसरं जरा सौम्य औषध आहे, पण त्याने पांढऱ्या पेशी उतरल्या तर माझ्यासारख्या खाटेला टेकलेल्या माणसाला साधा तापही पुरतो. गोळ्यांवर भागेल का म्हणून गाठीचा तुकडा तपासला, पण ज्या जनुकांतल्या बदलांवर त्या गोळ्या चालतात ते ईजीएफआर, एएलके दोन्ही निगेटिव्ह. परळला तूच फाईल नेलीस, तिथेही हेच ऐकलंस. आणि इम्युनोथेरपीसाठी फ्लॅट विकायचं परत काढलंस तर मी दार उघडणार नाही.

तू शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढतेस आणि मध्यरात्री दारात उभी. खंबाटकीचा घाट चढताना बंद पडलेला ट्रक अंधारात दिसत नाही गं, मागे दिवा नसतो. बापूच्या वेळचं आईला आठवतं, म्हणून ती सारखा फोन लावते.

उपचार काही बंद नाहीत. परवा छातीतलं लालसर पाणी काढलं, लिटरभर निघालं, आणि बऱ्याच दिवसांनी मी आडवा होऊन झोपलो. मॉर्फिन आहे, किडनीमुळे बेतानेच, सोबत पोट साफ व्हायचं औषध. दम लागला की आई टेबलफॅन तोंडासमोर आणून ठेवते. हसू नकोस, नर्सनेच शिकवलंय, खरंच बरं वाटतं.

झोप यायला लागली की काच खाली करून, गाणी लावून ती जात नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि डोळा लावायचा. झोपणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत असतं की आपण जागेच आहोत. नव्या पोरांना मी हेच सांगायचो. जाऊ दे, चाळिशीला आलीस, तुला काय शिकवायचं. रागावू नकोस.

लहानपणी तू केबिनमध्ये, इंजिनच्या झाकणावर घोंगडी टाकून बसायचीस आणि वळण आलं की माझ्याआधी "हॉर्न!" म्हणून ओरडायचीस. एकदा डेपो मॅनेजर चढले, तर त्यांनाच तिकीट विचारलंस. मी जन्मभर महामंडळाची गाडी चालवली. आपल्या घरात स्वतःची घेणारी तू पहिली. आळीत कोणाला सांगायचं राहिलं नाही माझं.

पण रात्री नको. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटीने ये. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. मी एका रात्रीत कुठे जात नाही.

आलीस की आईला एटीएम शिकव. पिन कॅलेंडरवर लिहू नकोस म्हणावं, ती नक्की लिहील. पेन्शनचे कागद कपाटात, साड्यांखाली आहेत. माझ्यामागे तिला निम्मी मिळते, थोडीच आहे. फॉर्म तूच भर. वेणूमावशीच्या यजमानांना मध्ये घेऊ नकोस, ते घोळ घालतात.

तुझे,
अण्णा