अप्पांनी तुला पेटीवर बसवलं तेव्हा

प्लेनो, टेक्सस
२१ जून २०२३

प्रिय शिऱ्या,

व्हॉट्सॲपवर हे मावणार नाही आणि फोनवर तू मला पुरतं बोलू देणार नाहीस, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलोय. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे, माझं बीपी गोळीवर, मेधा मजेत. झालं प्रकृतिपुराण.

मुद्दा असा की पियानोसाठी सईला शाळेतून काढायचं का, हे मला ऑगस्टच्या आत ठरवायचंय. इथल्या मित्रांना विचारलं तर ते कॉलेज ॲडमिशनचं गणित मांडतात. दादाला विचारलं तर तो म्हणेल, डोकं ठिकाणावर आहे का? हे विचारावं असा माणूस तू एकटाच आहेस. का, ते तुला माहीत आहे.

शनिवारी आम्ही तिघं डॅलसला क्लायबर्न ज्युनियरची फायनल ऐकायला गेलो होतो. १३ ते १७ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा, चार वर्षांतून एकदा होते. यंदा जगभरातून २३ पोरं आली होती. आधीच्या फेऱ्या एसएमयू विद्यापीठात, आणि शेवटच्या तिघांना मायरसन सेंटरमध्ये डॅलस सिम्फनीबरोबर वाजवायचं. पूर्ण वाद्यवृंद, भरलेलं सभागृह, आणि मधे अजून मिसरूड न फुटलेलं पोरगं. दक्षिण कोरियाचा सोकयंग होंग पहिला आला. वय १५. आपण पंधराव्या वर्षी काय करत होतो, ते लिहीत नाही, पत्र वहिनी पण वाचतील.

पण माझ्या डोक्यात बसलाय तो फायनलमधला कुणी नव्हे. सुरुवातीच्या एका फेरीला मी सईला घेऊन गेलो होतो, तिथला एक मुलगा. आला, वाकला, बाकाच्या दोन्ही बाजूंच्या मुठी फिरवून उंची जुळवली. खिशातून पांढरा रुमाल काढून खर्जापासून तारापर्यंत सगळ्या पट्ट्या पुसल्या, मग तळहात पुसले, रुमाल पियानोच्या आत ठेवला. आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. सभागृहात कुणी खोकेना. सईने माझं मनगट धरलं होतं, वळ उठेल इतकं. मग त्याने बाखची रचना सुरू केली आणि शिऱ्या, तुझी शपथ, दोन हातांतून तीन माणसं बोलत होती, आणि एकही दुसऱ्याचं बोलणं तोडत नव्हता. तो मुलगा पुढच्या फेरीत गेला नाही.

बाद झालेल्यांना लगेच घरी धाडत नाहीत, त्यांच्यासाठी मास्टरक्लास वगैरे ठेवतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडे आंतरशालेय नाट्यगीत स्पर्धेत निकाल लागला की हरलेल्याला वडापावसुद्धा मिळायचा नाही. आठवतंय ना, तू त्या परीक्षकांना भर मंडपात म्हणालास, ‘तुमचा पंचम खाली लागतोय’? मला वाटतं, त्यांचा पंचम खरंच खाली होता.

असो. फायनलहून परत येताना सई गप्प. सेंट्रल एक्सप्रेसवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा मागून आवाज आला, ‘बाबा, पुढची चार वर्षांनी. तेव्हा मी सोळा. त्याच्या पुढची येईल तेव्हा वीस.’ एवढंच. म्हणजे तिच्या वाट्याला ही स्पर्धा एकदाच येणार, हे पोरीने मनात मांडून ठेवलं होतं. मेधाने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे.

आणि सोमवारी तिच्या पियानोच्या बाईंनी आम्हाला दोघांना बोलावलं. म्हणाल्या, तिच्यात आहे, पण शाळा आणि हे एकत्र होणार नाही. रोज पाच तास हवेत, आणि तेही ताज्या बोटांचे, संध्याकाळी दमून आल्यावरचे नव्हेत. घरीच शिकवा तिला. टेक्ससमध्ये त्याला कुणाची परवानगी लागत नाही, शाळेला एक पत्र दिलं की मोकळं. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. एवढा मोठा निर्णय आणि आड येणारा एक कारकूनसुद्धा नाही!

सईला विचारलं, तर ती अर्थातच ‘हो’ म्हणते. बारा वर्षांच्या मुलीच्या ‘हो’चं काय करायचं, सांग.

तेव्हापासून मी रात्री या पोरांच्या कहाण्या वाचत बसतो. चिनी पियानोवादक लँग लँगच्या बापाने पोलिसातली नोकरी सोडली आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन शेनयांगहून बीजिंगला गेला. आई मागे राहून कमवत होती. १९९४ला जर्मनीत एटलिंगेनची मुलांची स्पर्धा लँग लँग जिंकला, तेव्हा तो १२ वर्षांचा, म्हणजे सईएवढा. आज तो कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. पण त्या स्पर्धेला आलेल्या बाकीच्या पोरांच्या बापांनीही नोकऱ्या सोडल्या असतील की, त्यांचं पुढे काय झालं ते कुठेच छापून येत नाही.

क्लायबर्न ज्युनियर पहिल्यांदा २०१५ साली झाली. ती जिंकलेला कझाकस्तानचा अलीम बेइसेंबायेव्ह २०२१ला लीड्सची मोठी स्पर्धा जिंकला. म्हणजे वाट आहे. उलट, गेल्या वर्षी शेजारच्या फोर्ट वर्थला मोठ्यांची क्लायबर्न जिंकलेला यून्चान लिम, वय १८, त्या स्पर्धेतला आजवरचा सगळ्यात लहान विजेता, तो १४व्या वर्षी क्लीव्हलंडच्या मुलांच्या स्पर्धेत दुसरा आला होता. म्हणजे लहानपणी पहिलं यायलाच हवं असंही नाही. हे वाचून मला दोन दिवस बरं वाटलं.

मग खुद्द व्हॅन क्लायबर्नचं वाचलं. टेक्ससचा मुलगा, आईजवळ शिकला. १९५८ला, शीतयुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोत जाऊन पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकला. वय २३. न्यूयॉर्कला त्याची मिरवणूक निघाली, रस्त्यावर कागदांचा पाऊस. आणि १९७८ला त्याने जाहीर वाजवणं थांबवलं, ते कित्येक वर्षं. चाळिशीत! ज्याच्या नावाने ही पोरं रुमालाने पट्ट्या पुसतात, त्याला स्वतःला एवढा काळ स्टेज नको झालं. तेव्हापासून पुन्हा झोप नाही.

तू म्हणशील, मींड नसलेल्या, म्हणजे सूर घसरत नेता न येणाऱ्या वाद्यासाठी एवढा जीव कशाला काढतोस? हे वाक्य तू माझ्या लग्नात म्हणालास आणि आपण भटजींसमोर भांडलो. मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगतो. अरे, हेच बोलून १९४०ला आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत. अप्पांची अख्खी उमेद त्यात गेली. त्यांच्या मुलाने दुसऱ्याच्या वाद्याला तोच दगड मारायचा? तुझ्याकडून मी ते ऐकून घेणार नाही.

सध्या सई शोपँचा काळ्या पट्ट्यांचा एत्यूद, म्हणजे बोटांच्या सरावाची रचना, बसवतेय. उजव्या हाताला एक सूर सोडला तर सगळं काळ्या पट्ट्यांवर. बाहेरून ऐकताना मला एकदम जाणवलं, हा तर काळी तीनमधला भूप! तिला सांगितलं, तर तिने हळू वाजवून पाहिलं, सा रे ग प ध, आणि हसत सुटली. मग म्हणाली, शिरीषकाकाला पाठवूया. क्लिप पाठवतो. तिचा अंगठा बघ. बोटांखालून जाताना तो जराही टेकत नाही, मुलगी कधी तो दुखतो म्हणत नाही. मला ते जास्त खुपतं, कारण तुझा अंगठा सुजायचा आणि तूही म्हणायचा नाहीस. तुझ्या आईला हळद लावताना मी पाहिलंय.

म्हणून आता विचारतो. दहावीनंतर अप्पांनी तुला मिरजेला ठेवलं, बुवांच्या घरी. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला तू आला नाहीस, कारण आदल्या रात्री दर्ग्याच्या उरुसात पहाटेपर्यंत साथीला बसला होतास. मी तणतणत अप्पांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, ‘तुला काय कळतंय? तो बोटांनी विचार करतो.’ मी म्हणालो, त्याच्या डोक्यालाही एकदा विचारा. त्यावरून तू माझ्याशी सगळा गणेशोत्सव बोलला नाहीस, आरतीला माझ्या विरुद्ध बाजूला उभा राहायचास. माझं म्हणणं मला अजून पटतं. पण पुढे तुझी साथ ऐकताना, विशेषतः गायक थांबतो आणि तू एकटा पुढे जातोस तेव्हा, अप्पांचं म्हणणंही पटतं. दोन्ही पटतात, म्हणून तर झोप उडालीय.

पुण्याहून सांगलीला येताना एसटीत तू मला म्हणाला होतास, ‘मला दुसरं काही येतच नाही रे.’ हसत म्हणाला होतास. साताऱ्याच्या पुढे कुठेतरी. मी तेव्हा विचारलं नाही, पण ते वाक्य माझ्याजवळ आहे. ती तक्रार होती की अभिमान? पेटी तुझी कधी झाली? बुवांकडे पहाटे उठायचास ते अप्पांसाठी, की उठल्याशिवाय राहवायचं नाही म्हणून? आणि कधी, कुठल्याही दिवशी, अप्पांचा राग आला का? मला समजूत घालणारं उत्तर नको. अप्पा आता नाहीत, त्यांना वाईट वाटायचा प्रश्न नाही. मला तेव्हाचा तू हवायस, साथीला जाण्यासाठी माझी सायकल नेऊन पंक्चर करून आणणारा.

मेधा म्हणते, अर्धी शाळा, अर्धा पियानो असं काही करून बघू. बाई म्हणतात, अर्ध्याने दोन्ही बुडतील. मला वाटतं मेधाचं बरोबर आहे आणि बाई खोटं बोलत नाहीत.

तुझं काय चाललंय ते विचारायलाच विसरत होतो. वहिनींची बढती झाली म्हणे, अभिनंदन सांग. धायरीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? त्या बिल्डरच्या नादी लागू नकोस असं मी सांगितलं होतं, पण असो. क्लासला आता किती मुलं आहेत? चिन्मयचा दहावीचा निकाल कळव, मार्क विचारत नाही, फक्त खूश आहे का ते सांग. खांदा दाखवून घे एकदा.

शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उघडते, काढायचं तर पत्र त्याआधी द्यायला हवं. तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा निदान रेकॉर्ड करून पाठव. कितीही लांब असलं तरी चालेल. सई झोपल्यावर ऐकेन, आणि तुझी हरकत नसेल तर तिलाही ऐकवेन.

तुझा,
बाळ्या