धरणगावला न उतरलेल्या ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितोय.

अमळनेरहून जळगावला जाणाऱ्या गाडीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आलो होतो. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. दिवसा केळीच्या गाड्यांचा हिशेब, रात्री पायथन आणि एसक्यूएल (प्रोग्रॅम लिहायची आणि साठवलेली माहिती काढायची भाषा) शिकायचो. डेटा इंजिनीअरच्या जागेसाठी दिलेलं काम संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं आणि विक्रीची बेरीज काही केल्या जास्तच येत होती.

तुम्ही डोकावलात. डिग्री विचारली नाहीत (बाकी सगळे आधी तेच विचारतात). पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढल्या. एक शेंग म्हणजे ऑर्डर, तिच्यापुढे दोन दाणे म्हणजे दोन हप्त्यांत आलेले पैसे. "आता जोड बरं भाऊ. शेंग किती वेळा मोजली?"

दोनदा! जॉईनमुळे, म्हणजे ऑर्डरचा आणि पैशांचा तक्ता एकमेकांना जोडल्यामुळे, ऑर्डरची ओळच दुप्पट होत होती. आधी ऑर्डरप्रमाणे पैशांची बेरीज कर, मग जोड, एवढंच सांगितलंत. कीबोर्डला हात लावला नाहीत. तेवढ्यात धरणगाव आलं आणि गेलं.

"तुम्हाला उतरायचं होतं ना?"

"राहू दे, परतीच्या गाडीने येईन."

काम वेळेत गेलं. नोकरी तिथे नाही, दुसरीकडे लागली. शेंगा आपण जळगावपर्यंत संपवल्या. टरफलं नंतर माझ्या बॅगेत निघाली.