रविवारचं तिकीट

सातारा

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

आता जळगावातच राहतेस, तर रथ पाहिलास का म्हणून फोनवर विचारलं, तर म्हणालीस, खोलीत बसून मोबाइलवर पाहिला. अगं, कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ जुन्या जळगावातून निघतो, १८७२ पासून. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सरकवून ते धूड आवरणारी माणसं बघायची असतात. गर्दीत कुणी अनोळखी बाई हाताला धरून ‘इथं उभी राहा, इथून दिसेल’ म्हणते, ते मोबाइलमध्ये कुठलं यायला!

रागावलो नाही. मीही तेच केलं होतं. १९९४ साली बँकेनं मला जळगावला टाकलं. दर पंधरा दिवसांनी शनिवारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, साताऱ्यात आईच्या हातचं जेवायचं आणि सोमवारी डोळे चोळत थेट कामावर. सात महिने असे गेले. खानावळवाल्याशिवाय गावात मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि त्याची हाकसुद्धा महिन्याच्या बिलापुरती.

डिसेंबरातल्या एका शनिवारी गाडी इतकी लेट झाली की वैतागून स्टेशनवरून परत आलो. अंगणात घरमालकांकडं भरिताची तयारी चालली होती. कपाशीच्या काड्यांवर ढीगभर वांगी भाजत होती. मालक म्हणाले, ‘भो, बरा सापडलास, सोलायला हात कमी पडताहेत.’ मी घाईनं गरम वांग्याला हात घातला आणि बोटं तोंडात घालून नाचलो. सगळं अंगण हसलं. मग कुणी पाण्याची वाटी पुढं केली, कुणी बोटं ओली करून साल कशी ओढायची ते दाखवलं. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसणाबरोबर ठेचलेलं ते भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं. आपण सातारकर स्वतःला तिखट खाणारे समजतो! पुढच्या शनिवारी मी तिकीटच काढलं नाही.

तेव्हा एक कळलं, मुग्धा. सात महिने मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, त्यामुळं कुणाला माझ्याकडं यायला निमित्तच नव्हतं. तू साखर संपली की ऑनलाइन मागवतेस. एकदा खाली जाऊन वाटीभर उसनी माग. दुचाकीचा मेकॅनिक कोण चांगला, हे नकाशाला न विचारता ऑफिसातल्या शिपाईमामांना विचार. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जातेस ना, मग कानातले ते इअरफोन काढून जा.

भाषेलाही लाजू नकोस. जळगाव-भुसावळकडं लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडं अहिराणी. मी ‘भो’, म्हणजे भाऊ, म्हणायला शिकलो तेव्हा तो साहेबांनाही लावला होता. दोन दिवस शाखेत हसू चाललं, पण तिसऱ्या दिवशी डब्याला बोलावणं आलं.

‘तुम्ही कुठल्या?’ असं विचारतील, ते मायेनं असतं. त्यापुढं ‘कोणाच्यातल्या?’ आलं, तर हसून विषय बदल. सगळ्यांशीच जमेल असं नाही. मला तरी कुठं जमलं होतं. आणि मेपर्यंत थांब. गच्चीवर भल्या पहाटे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला सुरुवात झाली की जाऊन बस. तुला थापता येत नाही, हे तिथं फारच उपयोगी पडेल. तुझी आई लग्नानंतर जळगावला आली आणि पहिल्या उन्हाळ्यातच बिबड्यांपायी तिला चार मैत्रिणी मिळाल्या. त्यातल्या दोघींचे अजून फोन येतात.

रविवारी साताऱ्याच्या मैत्रिणींशी तीन-तीन तास व्हिडिओ कॉल करतेस, आम्हालाही करतेस. आम्हाला बरंच वाटतं, खोटं कशाला सांगू. तरी पुढचे दोन रविवार आम्हाला फोन करू नकोस. आईला मी बघतो.

घरमालकीण काकूंनी शेवभाजी दिली होती, तो डबा अजून तुझ्याकडंच आहे ना? रिकामा देऊ नकोस. सोबत कंदी पेढे पाठवलेत, त्यातले निम्मे त्यात घाल आणि स्वतः खाली नेऊन दे. दारातून परत येऊ नकोस, बस म्हणतील तर बस.

तुझे
बाबा