सर्व्हिसवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. पण सांगली-मिरज भागात लॅबची मशीन विकणाऱ्या नाहीतर दुरुस्त करणाऱ्या कुणीही वाचलं तर बरोबर ओळखेल. तुम्ही कंपनी सोडून पुण्याला गेलात त्या दिवशी बुके काय, फोटो काय, सगळं झालं आणि मला जे बोलायचं होतं तेवढंच राहिलं.

मी सेल्सला जॉइन झाले तेव्हा ट्रेनिंगमध्ये ब्रोशर पाठ करून घेतलेलं. थ्री पार्ट सेल काउंटर, फाइव्ह पार्ट सेल काउंटर (रक्तातल्या पेशी मोजायची मशीन, पांढऱ्या पेशींचे तीन नाहीतर पाच प्रकार वेगळे सांगणारी), तासाला किती सॅम्पल, डिस्काउंट कुठपर्यंत ताणायचा, बस. आणि टेरिटरी दिली मिरज! 1894 पासून मिशन हॉस्पिटल असलेलं गाव, गल्लोगल्ली दवाखाने, तिथल्या लॅबवाल्यांनी माझ्यापेक्षा जास्त मशीन बघितलेली. ते दोन मिनिटं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, मॅडम, पर टेस्ट कॉस्ट काय पडेल ते सांगा.

ते गणित तुम्ही मला चहाच्या टपरीवर बिलाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलंत. रिएजंटच्या, म्हणजे टेस्टला लागणाऱ्या केमिकलच्या, पॅकवर लिहिलेल्या तेवढ्या टेस्ट कधीच निघत नाहीत, कारण सकाळचं स्टार्टअप, रात्रीचं शटडाउन, कंट्रोल (मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायचं सॅम्पल), वॉश, रिपीट या सगळ्यात रिएजंट जातं, मोठ्या लॅबला ते जाणवतही नाही पण जतला दिवसाला दहा-पंधरा सॅम्पल करणाऱ्याला तोच खर्च प्रत्येक सॅम्पलवर चढून बसतो. आणि ते "मशीन फुकट, फक्त दर महिन्याला एवढं रिएजंट घ्या" वालं प्रकरण तर अशा छोट्या लॅबला पावसाळ्यात पेशंट जास्त असताना परवडतं आणि उन्हाळ्यात गळ्याशी येतं. हे ऑर्डरच्या आधी सांगायचं, नंतर सांगितलं की भांडण होतं, असं म्हणायचात तुम्ही. मार्च एंडला मॅनेजर डोक्यावर बसलेला असताना हे पाळणं किती जड जातं ते सेल्सवाल्यालाच माहीत, पण पाळते.

अर्थिंगचं पण तसंच. लॅबमध्ये शिरल्यावर लोक चहा मागवायचे आणि तुम्ही आधी मल्टीमीटर काढायचात. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की मशीन खोक्यातून बाहेरच काढायचं नाही. जत, आटपाडीकडं एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डाच कोरडा ठाक पडतो, त्यात पाणी ओता म्हणून सांगावं लागतं, हे कुठल्या ब्रोशरमध्ये असणार ओ? आता इन्व्हर्टरवर चालेल का हा प्रश्न आला की मी पण ऑनलाइन यूपीएसचं (मशीनला सतत बॅटरीमार्फत एकसारखी वीज देणारा यूपीएस) लेक्चर देते, अगदी तुमच्या टोनमध्ये.

डेंग्यूच्या सीझनमधला तो रात्रीचा फोन आठवतो का? लॅबवाल्याचा आवाज चढलेला, पेशंट मस्त बसून जेवतोय आणि तुमचं मशीन प्लेटलेट वीस हजार दाखवतंय. मी तुम्हाला कॉन्फरन्सवर घेतलं. तुम्ही शांतपणे मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघायला सांगितलंत, प्लेटलेटचे गठ्ठे दिसले. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळं (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं केमिकल) काही जणांच्या प्लेटलेट अशा चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. मग निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, त्यातल्या सायट्रेटच्या पाण्यानं रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 नं गुणलं, काउंट नॉर्मल. मशीनची काही चूक नव्हती, पण तसं तुम्ही एकदाही बोलला नाहीत.

पण खरं थँक्यू वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मी स्कूटीवरून उतरले की निम्म्या ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला, इंजिनिअर कुठायत, त्यांनाच विचारतो. तुम्ही शेजारी उभे असायचात, उत्तर तुम्हाला तोंडपाठ असायचं, तरी "मॅडमना विचारा, त्यांना माहितीय" म्हणून खुशाल मोबाइल बघत बसायचात. मला घाम फुटायचा. राग पण यायचा, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळंच रात्री मॅन्युअल वाचायची सवय लागली आणि आता लॅबवाले एरर कोडचा फोटो आधी मला पाठवतात, मग सर्व्हिसला (नवीन इंजिनिअरला हे फारसं आवडत नाही, असो).

पुण्यात जमलं ना सगळं? आणि हो, आटपाडीचे लॅबवाले तुमचा नवीन नंबर मागतायत, मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे तरी. देऊ का?