बाहुलीच्या डोळ्यातली बाहुली

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला, टीव्ही, सिनेमा आणि रंगमंचावर खेळवल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांवरचा लेख वाचला. सोबतचा फोटो उलटा छापला गेलाय, असं मला आधी वाटलं. बाहुलीचा हात हलवायची काठी तिच्या उजव्या हाताला होती. मग भिंग घेऊन खालच्या पाटीवरची अक्षरं पाहिली, तर ती सुलटी. म्हणजे फोटो बरोबर होता, प्रतिकृतीच चुकली होती. लेखात मात्र तिला ‘हुबेहूब’ म्हटलं आहे. या एका शब्दासाठी पत्र लिहायला बसले.

काठीचं आधी सांगते. टीव्हीवरच्या ‘मपेट्स’ बाहुल्यांचे अमेरिकन जनक जिम हेन्सन यांच्या पद्धतीच्या हातबाहुलीत खेळवणाऱ्याचा एक हात बाहुलीच्या डोक्यात असतो. बहुतेक माणसं उजवी, त्यामुळे तोंड चालवायचं नाजूक काम उजव्या हाताकडे जातं आणि बाहुलीचा हात सांभाळायला उरतो डावा. म्हणून या बाहुल्या बहुतेक डावखुऱ्या. काठी एकच असेल तर ती डाव्या हाताला हवी. प्रतिकृती करणाऱ्याने बाहुली नुसती बघितली, तिच्या आत हात घालून बघितला नाही, की ही चूक होते. काहीजण तर काठ्या ‘विद्रूप दिसतात’ म्हणून काढूनच टाकतात. मग हात दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मोज्यांसारखे लोंबतात.

माझी ओळख म्हणाल तर मी बत्तीस वर्षं चष्मे बनवले. आमच्या धंद्यात बाहुली म्हणजे डोळ्यातली. गिऱ्हाईक समोर बसलं की नाकाच्या मध्यापासून उजवी बाहुली किती मिलिमीटर आणि डावी किती, हे पट्टीने मोजायचं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर माणूस संध्याकाळी डोकं धरून परत येतो. निवृत्तीनंतर खेळातल्या बाहुल्यांच्या प्रतिकृती जमवायला लागले आणि गंमत अशी, की तीच पट्टी पुन्हा ड्रॉवरमधून काढावी लागली.

दोन वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या उत्पादकाकडून मी रुंद तोंडाची एक हातबाहुली मागवली. क्रमांकित आवृत्ती, प्रमाणपत्र, जाड पुठ्ठ्याचा खोका, सगळा थाट होता. खोका उघडला आणि बाहुली माझ्याकडे बघेना. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, खाली बसले. ती माझ्या कानामागे कुठेतरी बघत होती. पट्टी लावली. नाकाच्या मध्यापासून उजवं बुबुळ एकवीस मिलिमीटर, डावं चोवीस. तीन मिलिमीटर! माणसाच्या चष्म्यात एवढा फरक पडला असता तर मला तो रात्रीत बदलून द्यावा लागला असता. उत्पादकाला मोजमापासह कळवलं. उत्तर आलं, ‘हाताने बनवलेली वस्तू आहे, थोडाफार फरक असायचाच.’ हाताने बनवतात तेव्हाच तर माप घ्यायचं असतं! यंत्र निदान एकच चूक दरवेळी करतं.

डोळ्यांचं एवढं काय, असं वाचकांना वाटेल. हेन्सन यांच्याबरोबर 1962 पासून काम करणारे डॉन साहलिन यांचा बाहुल्या घडवण्यातला सगळ्यात मोठा वाटा हाच होता. दोन डोळे आणि नाक यांचा त्रिकोण ते असा जुळवत, बुबुळं किंचित आतल्या बाजूला अशी घेत, की नजर समोरच्या एका बिंदूवर ठरे. तिथे कॅमेरा असे. म्हणून बाहुली घरातल्या प्रत्येकाकडे बघतेय असं वाटायचं. अनुभवी संग्राहक कपडे, केस, रंग नंतर बघतात. आधी हाताच्या अंतरावर बाहुली धरतात आणि तिची नजर आपल्यावर ठरते का ते पाहतात. आमच्या दहा-बारा जणांच्या गटात याला ‘बघते की नुसते डोळे आहेत?’ असं विचारतात. बाजारातल्या बऱ्याच प्रतिकृतींना नुसते डोळे असतात.

आणि मूळ वस्तू काही फार महागाच्या सामानाची नव्हती. 1955 साली हेन्सन यांनी पहिला कर्मिट, म्हणजे त्यांचा पुढे गाजलेला बेडूक, केला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून, डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला. तेव्हा तो धड बेडूकही नव्हता आणि त्याच्या गळ्यात ती टोकाटोकांची कॉलरही नव्हती. आज तो अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तेव्हा ‘साहित्य मिळत नाही’ ही सबब मला पटत नाही. जुनं कापड आणि चेंडूचे दोन तुकडे जिथे बघायला शिकतात, तिथे उत्तम काचडोळे बसवलेली प्रतिकृती आंधळी राहते.

चेहऱ्याचंही तसंच. कर्मिटच्या डोक्यात यंत्र नाही. कापडाखाली जवळजवळ माणसाचा हातच. मूठ आवळली की ओठ मुडपतात, बोटं ताणली की तोंड रुंदावतं. प्रतिकृतीला तर हात नसतो, शिवाय ती वर्षानुवर्षं उभी राहायची, म्हणून आत ठोकळा भरतात. इथपर्यंत मान्य. पण ठोकळा पोळीच्या पिठासारखा सगळीकडे सारखा दाबून भरला की गाल सुजतात. चांगला कारागीर आतला ठोकळा मुठीच्या आकाराचा कोरतो, बोटांच्या पेरांचे उंचवटे कापडाखाली जरासे जाणवतील असा. माझ्याकडे अशी एकच प्रतिकृती आहे, एका हौशी माणसाने केलेली, प्रमाणपत्र नसलेली. पाहुणे आले की तिच्याच तोंडात बोट घालून बघतात.

शिवणीबद्दल थोडक्यात. या बाहुल्यांसाठी लव असलेलं नायलॉनचं फ्लीस वापरत आणि दोन तुकडे हाताने असे जोडत, की टाका लवेत बुडून जाई. वरून सुईच्या टोकाने लव उपसून सारखी केली की जोड सापडत नसे. प्रतिकृतीत सरळ यंत्राची शिवण मारतात आणि नाकापासून कपाळापर्यंत रेघ दिसते, शस्त्रक्रिया झाल्यासारखी.

‘हुबेहूब’ या शब्दाचं दुसरं टोकही आहे. काही उत्पादक मूळ बाहुलीची ‘चूक’ सुधारतात! 1965च्या ‘थंडरबर्ड्‌स’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या सूत्रबाहुल्या साधारण बावीस इंच उंचीच्या, आणि त्यांची डोकी शरीराच्या मानाने मोठी. ओठ संवादाबरोबर हलवणारं विजेवरचं यंत्र डोक्यातच बसवलेलं, ते मावायला डोकं मोठं लागे. ज्या बारीक तारांवर बाहुली लटके, त्याच तारांतून आवाजाचे इशारे त्या यंत्रापर्यंत जात. पुढे 1967च्या ‘कॅप्टन स्कार्लेट’मध्ये यंत्र छातीत उतरवलं आणि बाहुल्या माणसाच्या प्रमाणात आल्या. आता पहिल्या मालिकेतल्या पात्राची प्रतिकृती करताना कोणी डोकं लहान करून ‘प्रमाणबद्ध’ म्हणून विकत असेल, तर त्याने दोन वर्षांचा इतिहासच कातरला. बुनराकु या जपानी बाहुलीनाट्याचंही असंच. त्यातल्या स्त्री-बाहुल्यांना बहुधा पाय नसतात. किमोनोचा घेर हलवून चालण्याचा भास करतात. पण प्रतिकृतीला स्टँडवर उभं करायचं असतं, म्हणून सुबक पाय देतात, वर पादत्राणंही.

मांडणीबद्दल तर काय बोलावं! मध्यंतरी प्रतिकृतींचं एक प्रदर्शन बघायला भाच्याबरोबर गेले. काचेची उंच कपाटं, खालून मारलेले दिवे. खालून उजेड आला की कुठलीही बाहुली भुताटकीतली दिसते. गंभीर माणसालाही तसा उजेड शोभत नाही. सूत्रबाहुल्या जाड नायलॉनच्या दोऱ्यांनी टांगलेल्या, त्याही अशा की गुडघे वाकून तळवे मागे वळलेले. सूत्रबाहुलीचे तळवे जमिनीला जेमतेम टेकावेत आणि वजन दोऱ्यांवर राहावं, एवढी साधी गोष्ट. शेजारी हातबाहुल्या कमरेखाली उघड्या, आतला स्टँडचा दांडा सगळ्यांना दिसेल असा. भाचा म्हणाला, “मावशी, हे म्हणजे पाहुण्यांना झोपेतून उठवून तसंच बसवल्यासारखं वाटतंय.”

त्याचं खरं होतं. हातबाहुली पडद्यावर बहुधा कमरेवरच दिसायची, कारण खाली माणूस असे. ती जमिनीवर उभी राहणारी मूर्ती नव्हेच. तिला कठड्यामागे ठेवा, खिडकीच्या चौकटीमागे ठेवा, पुठ्ठ्याची भिंत करून तिच्यामागे ठेवा, दांडा आपोआप झाकतो. डोळे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि हनुवटी जराशी खाली घ्या. खेळवणारे स्वतः मॉनिटरवर बघत बघत बाहुली चालवत, कारण मनगट दोन अंश वर गेलं तरी बाहुली छताकडे बघू लागते. प्रदर्शनातल्या बाहुल्यांपैकी निम्म्या छताकडेच बघत होत्या. मी मोजल्या.

संयोजकांना हे सांगितलं तर म्हणाले, काचेला हात लावू नका.

उजेडाचा प्रश्न दिसण्यापुरता नाही. कापडी वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण पन्नास लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मंद उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. बाहुलीच्या आत भरलेल्या फोमचं दुखणं त्याहून वाईट. मऊ पॉलियुरेथेन फोमचे दोन प्रमुख प्रकार. एकाला हवेतला ओलावा खातो, दुसऱ्याला उजेड आणि प्राणवायू. लेटेक्सचा फोम कडक होऊन तडकतो. 1980च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातला योडा, म्हणजे तो बुटका हिरवा गुरू, रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी फोम लेटेक्सचा केला होता. त्या काळातल्या अशा बाहुल्या कशा कोसळल्या हे संग्रहालयांना चांगलं ठाऊक आहे. हे ज्ञान जुनं असूनही आजची प्रतिकृती आत कशाची आहे हे खोक्यावर छापत नाहीत. आवृत्ती किती नगांची हे सोनेरी अक्षरांत असतं. फोम कोणता आणि कोणत्या वर्षीचा, हे मात्र कुठेच नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या एका जुन्या प्रतिकृतीच्या पाठीवरून हात फिरवला तर आत काहीतरी वाळूसारखं सरकलं. पाठीची शिवण चार टाके उसवली. बोटं पिवळी झाली. फोमची भुकटी झाली होती, मिठाच्या बरणीच्या तळाशी उरते तशी ओलसर, चिकट. वरून कापड एकदम ठणठणीत. ती बाहुली मी कधी उन्हात ठेवली नाही, कधी कोणाच्या हातात दिली नाही. उलट ‘खोका न उघडलेलीच खरी’ या आमच्यातल्या खुळापायी ती पाच वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत बंद होती. फोममधून निघणारे वायू आणि आत अडकलेला ओलावा या दोघांना मी एकत्र कोंडलं होतं. ही चूक माझी. पण पिशवी उत्पादकाची होती आणि तिच्यावर ‘मूळ वेष्टनातच ठेवा’ असं लिहिलं होतं.

आमच्या गटात यावरून वाद आहेत. एकजण म्हणतात, या प्रतिकृती आहेत, पुराणवस्तू नव्हेत. वीस वर्षं टिकल्या तरी पुष्कळ. दुसऱ्या बाई कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि आर्द्रतामापक ठेवतात आणि पुडीचा रंग बदलला की सगळ्यांना कळवतात. मला दोघांचं थोडंथोडं पटतं. पण विकताना ‘पिढ्यान्‌पिढ्या जपावा असा ठेवा’ म्हणायचं आणि आत पाव भरायचा, हे पटत नाही.

त्या न बघणाऱ्या बाहुलीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. सहा महिने ती तशीच कपाटात होती. एका दुपारी मी डावं बुबुळ चष्म्याच्या बारीक चिमट्याने सोडवलं, तीन मिलिमीटर आत घेतलं, नंतर अर्धा मिलिमीटर आणखी, साहलिन यांच्या हिशेबाने. गोंद वाळेपर्यंत चेहऱ्यावर रुमाल टाकून ठेवला होता, का ते मला सांगता येणार नाही. गटातल्यांनी कपाळाला हात लावला. फेरफार केलेली प्रत, आता प्रमाणपत्राला काही अर्थ उरला नाही, म्हणाले. नाही उरला. मी ते प्रमाणपत्र तिच्या मागे, दांडा झाकायला उभं केलंय.

आपल्या लेखकांना एवढंच कळवावं, की पुढच्या वेळी अशा प्रतिकृतींवर लिहिताना आवृत्तीचा क्रमांक विचारण्याआधी तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसावं. आणि तो फोटो पुन्हा वापरणार असाल तर उलटाच छापा. पाटीवरची अक्षरं उलटी होतील, पण काठी योग्य हातात येईल.

आपली,
एक जुनी वाचक आणि निवृत्त चष्मा-कारागीर