परीक्षार्थींना जनरल थोरात ठाऊक हवेत

महोदय,
आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी पोरं रात्री अकरापर्यंत बसलेली असतात. खुर्चीच्या पाठीला सोलापुरी चादर, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. परवा सहज विचारलं, "ज्या आयोगाची परीक्षा देताय, त्याच्या अध्यक्षपदी एक लेफ्टनंट जनरल बसले होते, माहीत आहे का?" एकालाही नाव सांगता आलं नाही. सन १९६२ च्या युद्धाच्या तारखा मात्र सगळ्यांच्या तोंडपाठ!

ते एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगावच्या लढाईत ते पलटणीचे प्रमुख होते. 'डीएसओ' हे शौर्यपदक तिथलंच. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी परतायला नकार देणारे हजारो युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना चीन कसा चढाई करेल याचा अंदाज बांधून त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना मांडली. दिल्लीने ती बाजूला ठेवली. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी काय झालं ते पोरांना पाठच आहे.

एवढं होऊनही गडी कडवट होऊन घरी बसला नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची जबाबदारी घेतली, अधिकारी निवडण्याचं बिनझगमगाटाचं काम केलं. परीक्षेत त्यांच्यावर एखादा प्रश्न यायला हरकत नाही. निदान अभ्यासिकेत तसबीर तरी लागावी. खिळा मी ठोकतो.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर