आधी पडायला शीक

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

शेहेचाळिसाव्या वर्षी ज्युदोच्या वर्गात नाव घातलंस, छान केलंस. आता पहिले दोन महिने कुणाला फेकायची घाई करू नकोस. आधी पडायला शीक.

पडण्याच्या या तंत्राला उकेमी म्हणतात. उताणं पडताना हनुवटी छातीकडे घे आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेव, म्हणजे डोकं मॅटवर आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली करून, मॅटवर आपटायचे. नुसता तळवा नाही, कोपरापासून बोटांपर्यंत अख्खा हात. दोन्ही हातांचा मिळून ‘थाप’ असा एकच आवाज आला पाहिजे. श्वास रोखू नकोस, सोडत पड. आधी पाठीवर निजून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. यातली पायरी गाळली तर तोल जाताच हात मागे टेकायची जुनी सवय उसळी मारते, सगळा भार मनगटावर येतो आणि मनगट मोडतं. आपण आयुष्यभर त्याच सवयीने सावरलेले असतो, त्यामुळे ती सहज सुटत नाही.

तुझ्या वयात स्नायूंपेक्षा कंडरा जपायच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, कंडरांना महिने लागतात. त्यामुळे अंगात जोर आल्यासारखा वाटतो नेमका तेव्हाच कोपर किंवा टाचेच्या वरचा भाग कुरकुरायला लागतो. आठवड्यातून दोनच वर्ग, मध्ये निदान दोन दिवस मोकळे. दुसऱ्या दिवशी अंग आंबलं तर चालेल. पण सांध्यावर बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी टोचायला लागलं, तर तो डाव बंद. वर्ग मात्र बंद करू नकोस, पावलांचा आणि पकडीचा सराव होतोच. वॉर्म-अपला पंधरा मिनिटं हवीत. वर्गात पाच-सातच मिनिटं देत असतील, तर आधी जाऊन उरलेला स्वतः कर.

रांदोरी, म्हणजे खुला सराव, सुरू झाला की जोडीदार आपण निवडायचा: वजनाने जवळपासचा आणि जुना. दांडगा पण नवखा पांढरा पट्टा सगळ्यात धोक्याचा. त्याचा डाव अर्ध्यात फसतो आणि तो तुझ्या गुडघ्यावर कोसळतो. पाय रोवलेला आणि अंग वळलेलं असलं की गुडघ्याचं लिगामेंट जातं. हात ताठ करून अडवायचा मोह सगळ्याच नव्यांना होतो. ताठ हातांनी दमतेस तर खरीच, शिवाय पडताना आखडलेलं अंग जास्त मार खातं. ज्युदो घडवणारे कानो जिगोरो यांनी १८८२मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली, तेव्हा खेळाच्या नावातच ‘ज्यू’ ठेवलं, म्हणजे मऊपणा, नमतं घेणं. डाव लागलाय असं कळलं की खुशाल पड.

ज्युदोत सांध्याचे पेच फक्त कोपराला लावतात. दुखेपर्यंत थांबायचं नाही, कोपर सरळ होऊन अडकलं की लगेच जोडीदाराला दोनदा थोपट. हात गुंतले असतील तर पायाने मॅटवर थोपट, नाहीतर तोंडाने ‘माइत्ता’, म्हणजे ‘हरले’, म्हण. यात कमीपणा कसला?

रक्तदाब, मानेचं दुखणं, ठिसूळ हाडं किंवा रक्त पातळ करणारी गोळी, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचार आणि सरांच्याही कानावर घाल. गळा आवळण्याचे डाव वर्गात येतील तेव्हा मानेचं सांगून बाजूला बसता येतं.

नखं आदल्या रात्रीच काप, हातापायांची दोन्ही. अंगठी आणि कानातलं घरी ठेव. आणि गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, अगदी मापाचा घेऊ नकोस. सुती असतो, पहिल्या धुण्यात आटतो, मग बाह्या आखूड होतात. गार पाण्यात धू आणि सावलीत वाळव.

तुझे,
बाबा